सीजीपीए, बॅकलॉग आणि एमबीए : इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी नोकरीसाठी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

जुलै-ऑगस्ट आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणाच्या मावशीचा मुलगा, कुणाच्या सोसायटीतल्या काकांची मुलगी, आणि प्रश्न ठरलेला. "ताई, सीजीपीए ६.३ आहे, कंपन्या फॉर्मच भरू देत नाहीयेत, सरळ एमबीए करून टाकू का?" (सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमच्या मार्कांची दहापैकी सरासरी.) प्रत्येकाला तासभर तेच सांगते, म्हणून यावेळी म्हटलं एकदाच नीट लिहून काढू.

मी मेकॅनिकलची, सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजातून २०१३ ला पासआऊट. तिसऱ्या सेमला एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, राहिला होता (राहिलेल्या विषयालाच बॅकलॉग किंवा बॅक म्हणतात), कॅम्पसला काहीच लागलं नाही, मग भोसरीत एका छोट्या शॉपमध्ये क्वालिटीला ट्रेनी म्हणून लागले, तिथे तीन वर्षं काढली, मग सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देऊन ऑपरेशन्समध्ये एमबीए केलं आणि आता चाकणला सोर्सिंगमध्ये, म्हणजे पार्ट विकत घेण्याच्या खात्यात, आहे. कॅम्पसच्या पॅनलवरही बसते. म्हणजे कमी मार्कांनी अडवल्याचा अनुभव आहे आणि आता मार्कांची यादी हातात घेऊन पोरं गाळायचं कामही करावं लागतं, त्यामुळे हे सगळं आतून कसं चालतं ते सांगू शकते.

पहिली पायरी : तुमचे मार्क नक्की कुठे अडतात ते बघा

कंपनीवाले मार्क बघतात म्हणजे काय, तर बहुतेक वेळा कुणी माणूस बघतच नाही. टीपीओ, म्हणजे कॉलेजचं प्लेसमेंट बघणाऱ्या सरांकडे कंपनीचा मेल येतो, त्यात क्रायटेरिया असतो, सर एक्सेल शीटला फिल्टर लावतात आणि त्या आकड्याच्या खालची नावं गायब होतात. ९.२ वाला आणि ६.८ वाला त्या फिल्टरमधून सारखेच आत जातात आणि ५.९ वाला बाहेर राहतो, मग त्याला कोडिंग कितीही येत असो किंवा त्याने बाहा स्पर्धेसाठी स्वतः गाडी बनवलेली असो. मार्कांचा पहिला आणि सगळ्यात मोठा परिणाम एवढाच आहे, तुम्ही रेषेच्या वर आहात की खाली.

मोठ्या आयटी कंपन्यांची रेषा सगळ्यांना पाठ आहे, साठ-साठ-साठ. टीसीएसच्या भरती परीक्षेला, म्हणजे एनक्यूटीला, दहावी, बारावी किंवा डिप्लोमा, आणि डिग्री तिन्हीकडे ६० टक्के किंवा ६ सीजीपीए मागत आलेत, अर्ज करताना एक चालू बॅकलॉग चालतो आणि शिक्षणातला गॅप २४ महिन्यांच्या वर नको. बाकीच्या सर्व्हिस कंपन्या थोड्याफार फरकाने ह्याच्याच आसपास. कोअरला, म्हणजे गाड्यांच्या आणि मशिनरीच्या मोठ्या कंपन्यांत, ट्रेनी इंजिनिअरसाठी ६० ते ७० मध्ये कुठेही रेषा असू शकते आणि तिथे बॅकलॉगचा नियम जास्त कडक असतो, काहींना "एकदाही बॅक नको" असंच हवं असतं, नंतर सुटला असला तरी. गेट परीक्षेतून सरकारी कंपनीत जायचं तर खुल्या गटाला पॉवरग्रिडला ६० टक्के लागतात, एनटीपीसीला ६५. याउलट एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा किंवा यूपीएससीची इंजिनिअरिंग सेवा परीक्षा (ईएसई), तिथे डिग्री पास असणं पुरतं, टक्क्यांची अट नाही. हे ज्यांना ५.८ वर रडू येतं त्यांनी आधी लक्षात घ्या, सगळी दारं बंद झालेली नाहीयेत. पण दरवर्षी त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचायची, सिनिअरने सांगितलं म्हणून चालायचं नाही.

आता टक्क्यांचा घोळ. ६.३ सीजीपीए म्हणजे ६३ टक्के असं धरून खूप जण फॉर्म भरतात. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, तक्त्यात ६.२५ ला ५५ टक्के आहेत आणि ६० टक्के ६.७५ ला होतात, ७.७५ ला ७०. त्यातून प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं, पुण्याचं वेगळं, मुंबईचं वेगळं. त्यामुळे मार्कशीटच्या मागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात जे सूत्र छापलंय तेच वापरायचं, आणि कंपनीने "६ सीजीपीए" म्हटलंय की "६० टक्के" म्हटलंय ते शब्द नीट बघायचे, कारण ६.४ वाला पहिल्यात बसतो आणि दुसऱ्यात नाही बसत. फुगवून लिहू नका. जॉइन झाल्यावर बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन होतं, बाहेरची एजन्सी मार्कशीट विद्यापीठाशी ताडून बघते, आणि सहा महिने काम करून झाल्यावर पोराला घरी जावं लागलेलं मी पाहिलंय, त्या दिवशी त्याचा चेहरा बघवत नव्हता.

दुसरी पायरी : हिशोब सहाव्या सेमपर्यंतचाच धरा

ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. पोरं म्हणतात अजून चार सेम आहेत, काढू वर. पण कॅम्पस सुरू होतं सातव्या सेमच्या सुरुवातीला, म्हणजे त्या वेळी तुमच्या हातात सहाच सेमचे मार्क असतात आणि फिल्टर त्यावरच लागतो. आठव्या सेमला प्रोजेक्टमध्ये तुम्हाला १० पैकी १० मिळाले तरी तोपर्यंत मोठ्या कंपन्या येऊन गेलेल्या असतात.

कागद घेऊन करून बघा. समजा चार सेमनंतर तुम्ही ५.९ वर आहात, सगळ्या सेमचे क्रेडिट साधारण सारखे धरू. सहा सेमला ६.७५ हवे असतील तर उरलेल्या दोन सेमला सरासरी ८.४५ लागतात. जे पोरगं ५.९ वर आहे ते एकदम ८.४५ आणेल ही अपेक्षा बरोबर नाही, अशक्य नाही पण त्यावर आयुष्य टांगू नये. पण ६.० च हवे असतील तर सरासरी ६.२ मध्ये काम होतं! म्हणजे त्याच पोराला "६ सीजीपीए" वाल्या कंपन्या अगदी हातातल्या आहेत, त्याने ६.७५ च्या मागे लागून खचून जाण्यापेक्षा ६.२ पक्के करावेत आणि उरलेला वेळ ॲप्टी (ॲप्टिट्यूड टेस्ट) आणि कोडिंगला द्यावा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा हिशोब अजून घट्ट, तुमच्याकडे कॅम्पसच्या आधी चारच सेम असतात, एक सेम बिघडली तर पाव भाग गेला.

बॅकलॉग असेल तर तो आधी. आधी म्हणजे अगदी सगळ्याच्या आधी, इंटर्नशिप, हॅकेथॉन, फेस्ट सगळ्याच्या आधी. एक चालू बॅक घेऊन सातव्या सेमला जाणं म्हणजे अर्ध्या कंपन्यांना हात लावायचा नाही असं स्वतःच ठरवणं. पेपर तपासणीत गडबड वाटत असेल तर फोटोकॉपी मागवा, उत्तरं स्वतः नाहीतर विषयाच्या मॅडमकडून तपासून घ्या आणि मगच रिव्हॅलला, म्हणजे फेरतपासणीला, पैसे घाला, मुदत फार थोडे दिवस असते. मी "जाऊ दे, पुढच्या वेळी देऊ" म्हणाले होते आणि एम-थ्री दीड वर्ष मानेवर बसला.

कुठले विषय खेचायचे? ज्यांचे क्रेडिट जास्त ते. एक क्रेडिटच्या ऑडिट कोर्सची सुंदर फाईल करण्यात रात्री घालवणारे खूप असतात आणि चार क्रेडिटचा थिअरीचा विषय काठावर सुटतो. टर्मवर्क, ओरल, प्रॅक्टिकल, इन-सेम, हे मार्क हातातले असतात, ते घालवायचे नाहीत. बाकी अभ्यास कसा करायचा हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

तिसरी पायरी : रेषेच्या वर गेलात की मार्कांचा पाठलाग थांबवा

हे थोडं वादाचं आहे पण मी ठामपणे सांगते. ७.७५ वरून ८.३ वर जायला जेवढी मेहनत लागते तेवढी साध्या नोकरीसाठी वाया जाते. दोन अपवाद आहेत. एक, ज्यांना बाहेर एमएस करायचंय किंवा जर्मनीला जायचंय, तिथे ग्रेड शेवटपर्यंत मोजतात. जर्मनीतली विद्यापीठं आपले मार्क त्यांच्या १ ते ४ च्या पट्टीत बदलून घेतात, कमी आकडा म्हणजे चांगलं, आणि बऱ्याच कोर्सना २.५ किंवा त्याहून चांगलं लागतं. पास व्हायला ४ लागणाऱ्या दहाच्या पट्टीवर ते साधारण ७.० सीजीपीए होतात, म्हणजे तिथे ६.८ आणि ७.० मधला फरक खरोखर फरक आहे. दुसरा अपवाद एमबीएचा, तो पुढे येतोच.

बाकी सगळ्यांसाठी पॅनलवर बसल्यावर मी काय बघते ते सांगते. समोर पोरगं येतं, रेझ्युमेवर ८.९ लिहिलंय, फायनल इयरचा प्रोजेक्ट आहे कुठल्यातरी फिक्स्चरचा. मी विचारते, हा पार्ट बनवायला किती पैसे लागतील? बहुतेक जण गप्प. मटेरियलचा ग्रेड सांगतात, स्ट्रेस ॲनालिसिसचे रंगीत फोटो दाखवतात, पण पैसे म्हटलं की तो आपला विषयच नाही असा चेहरा. आणि तिथेच एखादी ६.९ वाली मुलगी, वडिलांचं लेथचं वर्कशॉप असलेली, तोंडावर हिशोब मांडते आणि तिला आम्ही घेतो.

चौथी पायरी : धंद्याचं गणित डिग्री चालू असतानाच शिका

"बिझनेस स्टडीज" म्हटलं की डोळ्यासमोर डायरेक्ट एमबीए येतं, टाय, प्रेझेंटेशन, बारा लाख फी. पण ट्रेनी इंजिनिअरला जेवढं धंद्याचं कळायला लागतं तेवढं दोन-तीन महिन्यांत शिकता येतं आणि त्याने नोकरीच्या इंटरव्ह्यूत पडणारा फरक मी दरवर्षी बघते, म्हणून ही पायरी मी जरा लांबवणार आहे.

वरच्याच प्रश्नाचं उत्तर करून दाखवते, आकडे समजावण्यापुरते धरलेत. एक छोटा टर्निंगचा पार्ट आहे, त्याला १.२ किलोचा बार लागतो, बारचा दर ७५ रुपये किलो, म्हणजे मटेरियल ९० रुपये. त्यातलं ०.४ किलो बर, म्हणजे कापताना निघणारा चुरा, म्हणून निघून जातं, ते भंगारात ३० रुपये किलोने विकलं तर १२ रुपये परत आले, निव्वळ मटेरियल ७८. सीएनसीवर सायकल टाइम ४ मिनिटं, मशीनचा तासाचा दर ६०० रुपये, म्हणजे मिनिटाला १०, झाले ४० रुपये. बेरीज ११८. त्यावर ओव्हरहेड आणि नफा मिळून १५ टक्के धरला तर साधारण १८ रुपये, झाले १३६ च्या आसपास, मग रिजेक्शन, पॅकिंग, गाडीभाडं वरून, आणि जीएसटी वेगळा. झालं, हीच कॉस्ट शीट. आता पुढचा प्रश्न स्वतःला विचारा, किंमत ५ रुपयांनी कमी करायची तर कुठे हात घालाल? सायकल टाइम अर्धा मिनिट वाचवला तर ५ रुपये सुटतात. बारचा व्यास थोडा लहान घेता आला आणि ०.१ किलो मटेरियल वाचलं तर साडेसात वाचतात पण भंगाराचे ३ रुपये जातात, म्हणजे साडेचार. ज्या पोराला एवढं बोलता येतं त्याला मी ६.८ आहे की ८.८ आहे हे विचारतसुद्धा नाही.

हे कुठे शिकायचं? पहिलं ठिकाण तुमच्या आसपासचं वर्कशॉप. कोल्हापूरची शिरोली असो, सातपूर-अंबड असो, वाळूज, बुटीबोरी, भोसरी, कुठलीही एमआयडीसी, सुट्टीत महिनाभर मालकाला सांगा पैसे नकोत, कोटेशन कसं काढता ते बघायचंय. बहुतेक जण खुशीने शिकवतात, कारण त्यांना एक्सेल नीट भरून देणारं पोरगं हवंच असतं. दुसरं एनपीटीईएल, म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स, तिथे कॉस्टिंग, सप्लाय चेन, ऑपरेशन्स मॅनेजमेंट, इकॉनॉमिक्स असले कोर्स फुकट बघता येतात, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी १००० रुपये, २५ मार्क असाइनमेंटचे आणि ७५ परीक्षेचे, आणि बऱ्याच कॉलेजांत ते क्रेडिटमध्ये धरूनही देतात. तिसरं, तुमच्या कॉलेजात मायनर डिग्रीची सोय आहे का ते विचारा, साधारण १८ ते २० जादा क्रेडिट करून मॅनेजमेंटचा मायनर घेता येतो. पण मायनरच्या नादात मुख्य ब्रांचचा सीजीपीए रेषेखाली जाणार असेल तर अजिबात घेऊ नका, फिल्टरला तुमचा मायनर दिसत नाही.

ब्रांचप्रमाणे थोडं बदलतं. सिव्हिलवाल्यांनी एस्टिमेट, रनिंग बिल, टेंडर कसं वाचायचं आणि एक्सेल एवढं पक्कं केलं तर साईटवरून ऑफिसात यायला वेळ लागत नाही. कॉम्प्युटर-आयटीवाल्यांनी एखादं चालतं ॲप घ्यावं आणि त्याचे पैसे नक्की कुठून येतात, गिऱ्हाईक एक मिळवायला किती खर्च होतो ते मांडून बघावं, बिझनेस ॲनालिस्टच्या इंटरव्ह्यूत हेच विचारतात. इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रूवाल्यांना टेक्नो-कमर्शिअल सेल्स हा फार चांगला रस्ता आहे, पोरं "सेल्स" शब्दाला घाबरतात पण पॅनेल आणि ड्राइव्ह विकणारा इंजिनिअर दहा कारखाने आतून बघतो.

पाचवी पायरी : लगेच एमबीए की नोकरी करून मग?

आता मुख्य प्रश्नावर येते. सीजीपीए कमी आहे म्हणून एमबीए, हे बहुतेक वेळा चुकतं, आणि का चुकतं ते समजून घ्या.

कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, द्यायला ग्रॅज्युएशनला ५० टक्के पुरतात, राखीव गटांत एससी, एसटी आणि दिव्यांगांना ४५. ते वाचून पोरांना वाटतं चला, इथे मार्क विचारत नाहीत. पण फॉर्म भरता येणं वेगळं आणि कॉल येणं वेगळं. अहमदाबादच्या आयआयएमसारख्या ठिकाणी शॉर्टलिस्टमध्ये कॅटबरोबर दहावीचे, बारावीचे, डिग्रीचे मार्क आणि कामाचा अनुभव ह्यांना गुण असतात. त्यात इंजिनिअर मुलगे इतके असतात की त्यांना क्लासमध्ये "जेम" म्हणतात, जनरल इंजिनिअर मेल, आणि त्यांना त्याच कॉलसाठी बाकीच्यांपेक्षा जास्त पर्सेंटाइल आणावं लागतं. म्हणजे जे मार्क विसरायला तुम्ही एमबीएकडे पळताय ते तिथे दारातच उभे असतात.

महाराष्ट्रातली गोष्ट थोडी वेगळी आणि कमी मार्कवाल्यांच्या फायद्याची आहे, आणि ती आपल्या पोरांनाच नीट माहीत नसते. आपली एमबीए सीईटी २०० प्रश्नांची, १५० मिनिटांची, निगेटिव्ह मार्किंग नाही. पात्रतेला डिग्रीचे ५० टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव गटांना ४५, आणि त्यानंतर कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, मेरिट लिस्ट लागते ती प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर, दहावी-बारावीचे गुण त्यात मिसळत नाहीत. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमचं सिमसरी, पुण्याचं पुम्बा ह्यांच्या जागा ह्या रस्त्याने भरतात. बजाजला खुल्या गटातून ९९ च्या बऱ्याच वर पर्सेंटाइल लागतं, हे खरंय, पण ते वेगाचं आणि सरावाचं काम आहे, चार वर्षांच्या सीजीपीएचं नाही. मला स्वतःला ह्याच रस्त्याने जाता आलं.

पण (आणि हे मला आत गेल्यावर कळलं) समर इंटर्नशिपच्या कंपन्या आल्या तेव्हा त्यांनी पुन्हा दहावी, बारावी, डिग्रीचे टक्के मागितले. परत फिल्टर. त्या वेळी मला वाचवलं ते तीन वर्षांच्या अनुभवाने, कारण ऑपरेशन्सच्या कंपनीला शॉपफ्लोअरवर उभी राहिलेली मुलगी हवी होती. माझ्याच बॅचमधले डिग्रीनंतर थेट आलेले आणि ५५-५६ टक्केवाले जे होते त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, हुशार असूनही त्यांची फार दमछाक झाली.

म्हणून माझा क्रम असा आहे. डिग्रीचे मार्क चांगले, दहावी-बारावीही चांगली आणि कॅटची तयारी तिसऱ्या वर्षापासून सुरू असेल तर शेवटच्या वर्षी एकदा द्या, चांगला कॉल आला तर जा. मार्क मध्यम किंवा कमी असतील तर आधी दोन-तीन वर्षं नोकरी, पगार कितीही असो, आणि मग सीईटी-कॅट. अनुभव हा जुन्या मार्कांवरचा एकच खरा उतारा आहे, दुसरी डिग्री नाही.

आणि पैशाचा हिशोब घरच्यांसोबत बसून करा. समजा जवळच्या खासगी कॉलेजात दोन वर्षांचा सगळा खर्च १२ लाख, सगळं कर्ज, व्याज ११ टक्के, सात वर्षांत फेडायचं. हप्ता येतो साधारण २०,५०० रुपये, शिकतानाच्या दोन वर्षांचं व्याज धरलं तर अजून जास्त. तिथून लागणारी नोकरी साडेपाच लाखांची असेल तर हातात महिन्याला चाळीसच्या आत-बाहेर येणार, त्यातले निम्मे हप्त्याला. आणि ती दोन वर्षं साडेतीन लाखांची साधी नोकरी केली असती तर ७ लाख मिळाले असते तेही गेलेच. कॉलेजचं माहितीपत्रक "हायेस्ट पॅकेज" मोठ्या अक्षरात छापतं, तुम्ही मधल्या पोराचा, म्हणजे मीडियनचा आकडा विचारा, किती जण बसले आणि किती जणांना लागली ते विचारा, आणि दोन वर्षांपूर्वी पास झालेल्या चार जणांना लिंक्डइनवर गाठून खरं काय ते विचारा. चारातले दोन तरी उत्तर देतातच.

सिव्हिलवाल्यांनी साध्या एमबीएऐवजी बांधकाम व्यवस्थापनाचे कोर्स बघावेत, पुण्यात बालेवाडीला निकमार आहे त्यासाठीच. मुंबईच्या पवईतलं जुनं निटी, जे २०२३ पासून आयआयएम मुंबई झालं, ते ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनवाल्या इंजिनिअरांसाठी पहिल्यापासून नावाजलेलं. डिस्टन्स एमबीए, इग्नू किंवा आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, ह्याचा उपयोग असतो, पण कुणाला, तर जो आधीच नोकरीत आहे आणि कंपनीत प्रमोशनसाठी पदव्युत्तर डिग्रीची अट आहे. फ्रेशरला त्याने नोकरी लागत नाही, कुणीही काहीही सांगितलं तरी.

सहावी पायरी : रेषेच्या खाली राहिलात तर

राहिलात तर राहिलात, डोक्याला हात लावून बसू नका. कॅम्पस हा एकच रस्ता सगळे बघतात म्हणून तो मोठा वाटतो. एनएटीएसच्या, म्हणजे सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या, पोर्टलवर नाव नोंदवा, डिग्रीवाल्यांना एक वर्षाची अप्रेंटिसशिप मिळते, पश्चिम विभागाचं काम मुंबईच्या सायनमधलं अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्ड (बोट) बघतं, आणि अप्रेंटिस म्हणून मोठ्या कंपनीच्या आत गेलेल्याला सीजीपीए पुन्हा कुणी विचारत नाही, काम विचारतात. पन्नास ते दोनशे माणसांच्या कंपन्या, ज्या कॉलेजात येतच नाहीत, त्यांना फिल्टर लावायला एचआर सुद्धा नसतं, मालक नाहीतर प्लांट हेड थेट बोलतो. तिथे रेझ्युमे मेल करून उपयोग नाही, सकाळी दहाला गेटवर जायचं, सिक्युरिटीकडे नाव लिहायचं, भेटायला बसायचं. मी भोसरीत अशीच अकरा गेट फिरले होते, बाराव्याला लागले.

इंटरव्ह्यूत कमी मार्कांबद्दल विचारतीलच. घरची रडकथा किंवा "सर विद्यापीठाचा घोळ" असं सुरू करू नका, खरं असलं तरी. काय झालं ते एका वाक्यात, त्यानंतर काय केलं ते तीन वाक्यांत, आणि शेवटच्या दोन सेमचे एसजीपीए (त्या त्या सेमची सरासरी) चढते असतील तर ते आवर्जून सांगा, चढता आलेख पॅनलला खरंच आवडतो.

ऑफर लेटर आलं की सही करायच्या आधी बॉन्ड वाचा, किती वर्षांचा, किती रकमेचा, नोटीस पिरियड किती. ओरिजिनल मार्कशीट कुणी ठेवून घेतो म्हणत असेल तर देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. माझ्या एका मैत्रिणीची बारावीची मार्कशीट एका कंपनीत दोन वर्षं अडकली आणि त्यापायी तिचा एमबीएचा प्रवेश एक वर्ष पुढे गेला.

आणि कॉलेज सोडायच्या आठवड्यातच ट्रान्स्क्रिप्टचे चार-पाच सीलबंद सेट, सीजीपीएचं टक्क्यांत रूपांतर केलेलं पत्र, आणि मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज करून ठेवा. तीन वर्षांनी चाकणहून एक दिवसाची रजा टाकून परीक्षा विभागाच्या खिडकीसमोर उभं राहिलात आणि आतून "लंच झाल्यावर या" असं ऐकू आलं, की मग मी हे शेवटी का लिहिलं ते कळेल.